उंबऱ्याच्या आतला पाहुणा

"तुमचा जन्म १९८५चा ना? एप्रिल?"

डिसेंबरात एका दुपारी ऑफिसमध्ये एमनं हे विचारलं तेव्हा मला वाटलं, आणखी एखादा फॉर्म भरायचा असेल. हनोईत येऊन मला सव्वा वर्ष झालं होतं, आणि वर्क परमिटपासून घरभाड्याच्या करारापर्यंत सगळे फॉर्म माझ्या वतीनं तोच भरत आला होता. पण या वेळी त्यानं काही लिहून घेतलं नाही. फोनवर वडिलांशी दोन वाक्यं बोलला, हसला आणि मला म्हणाला, "बाबा म्हणतात, छान! बैल आहे."

बैल म्हणजे मी. इकडे दर वर्षाला एक प्राणी असतो, बारा वर्षांनी तोच परत येतो. माझ्या जन्माचं वर्ष बैलाचं. येऊ घातलेलं २०२५ सापाचं. साप, कोंबडा आणि बैल या तिघांचं एकमेकांशी पटतं म्हणे. त्यामुळे एमच्या वडिलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की तेतला, म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षाला, घरात पहिलं पाऊल या भारतीय बैलानं टाकायचं.

या पहिल्या पावलाला म्हणतात 'सोंग दात'. आपल्या कानाला यात सोंगही ऐकू येतं आणि दातही, पण प्रकरण अजिबात हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. मध्यरात्री वर्ष बदललं की बाहेरून जो पहिला माणूस उंबरा ओलांडून येईल, त्याच्यासारखं त्या घराचं वर्ष जाणार. म्हणून घरोघरी आधीच माणूस ठरवून ठेवतात. त्याचं जन्मसाल घरच्या कर्त्याला मानवणारं हवं, तब्येत चांगली हवी, कामधंदा बरा चाललेला हवा, स्वभाव हसतमुख हवा. आगंतुकपणे 'हॅपी न्यू इयर' करत सकाळी सकाळी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, हा परदेशी माणसानं शिकायचा पहिला धडा. मला तर रीतसर आवतण होतं. मी खूश होतो.

एम हे त्याचं नाव नाही. 'एम' म्हणजे धाकटं भावंड. तो मला 'आन्ह' म्हणतो, म्हणजे दादा. व्हिएतनामी भाषेत नुसतं 'मी' आणि 'तू' म्हणून सहसा भागत नाही, समोरच्याशी नातं जोडूनच बोलावं लागतं. म्हणूनच ओळख झाल्या झाल्या लोक वय विचारतात. त्यात आगाऊपणा नसतो, वाक्य सुरू करायला त्यांना ती माहिती लागते. इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे सगळं अवघड जातं, त्यांचा एकच 'अंकल' सगळ्यांना पुरतो. आपलं तसं नाही. वडिलांचा धाकटा भाऊ 'चू', वडिलांची बहीण 'को', आईचा भाऊ 'काउ', आईची बहीण 'झी': काका, आत्या, मामा, मावशी, झालं पाठ. आई-वडिलांपेक्षा मोठ्या वयाचे ते 'बाक', आणि आजी म्हणजे 'बा'. एमचे वडील माझे बाक झाले, आई बाक गाइ, आणि त्यांच्यापुढे मी 'चाउ', म्हणजे पुतण्या-भाचा-नातू सगळंच.

मी इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात वाढलो आणि आता माग बसवायला, दुरुस्त करायला देशोदेशी फिरतो. एमचं गाव नाम दिन्हजवळ, आणि नाम दिन्ह म्हणजे फ्रेंचांच्या काळापासूनचं गिरण्यांचं शहर. त्यामुळे तिकडे जायचं म्हटल्यावर मला एरवीही उत्सुकता होतीच.

तेतच्या आधीचे दहा दिवस हनोईतच बघावेत. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी चुलीचे देव स्वर्गात जातात आणि घरातल्या वर्षभराच्या भानगडी तिथल्या बादशहाच्या कानावर घालतात. दोन देव आणि एक देवी, तिघं मिळून. त्यांचं वाहन म्हणजे कार्प मासा. त्या वेळी ही तारीख २२ जानेवारीला आली होती. हो ताय, म्हणजे पश्चिम तलावाच्या काठावर लोक प्लास्टिकच्या पिशवीतून तांबडे मासे आणत होते आणि हलकेच पाण्यात सोडत होते. शेजारी कॉलेजची मुलं पाटी घेऊन उभी: मासा सोडा, पिशवी सोडू नका. विसर्जनाला निर्माल्य गोळा करणारी आपली मुलं आठवली.

रस्त्यावर मोटरसायकलच्या मागच्या सीटवर अख्खी झाडं जात असतात. पीचच्या गुलाबी फुलांची फांदी, नाहीतर पिवळ्या कुमक्वाटनी लगडलेलं, बारक्या संत्र्यांचं वाटावं असं, कुंडीसकट झाड. पीच उत्तरेचं. दक्षिणेत सायगॉनकडे तेतला पिवळं माइचं फूल लागतं. न्यात तान भागातला पीच सगळ्यात नामांकित. त्या वर्षी आणखी एक मौज होती. १ जानेवारीपासून वाहतुकीचे दंड भयंकर वाढवले होते, मोटरसायकलनं लाल दिवा तोडला तर ४० ते ६० लाख डोंग. त्यामुळे झाडं लादलेल्या गाड्या सिग्नलला शिस्तीत थांबून होत्या आणि चौकाचौकात बागा उगवल्यासारखं दिसत होतं.

तयारी मी इंजिनिअरच्या पद्धतीनं केली. काय करावं आणि काय करू नये, याची यादी काढली. काळे किंवा पांढरे कपडे नकोत. भेटवस्तूत चाकू-कात्री नको, घड्याळ नको. पैसे लाल पाकिटात, नोटा कोऱ्या करकरीत. दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, देणाऱ्यासमोर पाकीट उघडायचं नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, त्या मेलेल्यापुढच्या उदबत्तीसारख्या दिसतात. यादीत एक ओळ अशीही होती: घरात दुःख झालेलं असेल तर पहिल्या दिवसांत कुणाकडे जाऊ नये. ती मी वाचली आणि पुढे गेलो. ती त्यांच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही, असं काहीतरी डोक्यात असावं.

पांढरा कुर्ता मात्र मी इस्त्री करून बॅगेत ठेवलेलाच होता! भारतीय दिसावं म्हणून. आदल्या रात्री एमला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर तो एकदम गप्प. मग म्हणाला, "आन्ह, दुसरा कुठलाही रंग." त्यांच्यात मयताला डोक्याला पांढरं फडकं बांधतात. पैशाच्या पाकिटाचंही तेच, पांढरं पाकीट अंत्यविधीला. शेवटी बायकोनं भाचीच्या लग्नाला घेतलेला डाळिंबी कुर्ता निघाला.

कोऱ्या नोटा मिळवणं हे वेगळंच प्रकरण. सगळा देशच त्यांच्या मागे लागलेला असतो. ऑफिसच्या अकाउंटंट बाईंनी मला १०, २० आणि ५० हजारांच्या नोटांचे तीन पातळ गठ्ठे मिळवून दिले. मी आपला सवयीनं वर एकाचं नाणं कुठून आणायचं या विचारात. त्यांना १०१ आणि ५०१ची गंमत समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "नवी नोट आहे ना? मग पुरे."

२५ जानेवारीला, शनिवारी, सुट्टी लागली ती नऊ दिवसांची. हनोई ते नाम दिन्ह ८७ किलोमीटर. रेल्वेनं पावणेदोन तासांचा प्रवास, पण डब्यात माणसांपेक्षा खोकी जास्त. बिस्किटांचे लाल डबे, फळांच्या परड्या, दारूच्या बाटल्या, एकाच्या मांडीवर तर दोऱ्या बांधलेला पीच. भेटी तेतच्या आधी पोचवायच्या असतात. मी काजूकतली आणि आसामचा चहा घेतला होता, लाल कागदात बांधून. बाक गाइंनी तो डबा दोन्ही हातांनी घेतला आणि न उघडता थेट पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर नेऊन ठेवला. आधी त्यांनी खायचं, मग घरच्यांनी. नैवेद्यच तो.

दुसऱ्या दिवशी अंगणात बान्ह चुंग बांधायला बसलो. हा चौकोनी भात म्हणजे उत्तरेतल्या तेतचा प्राण. गोष्ट अशी सांगतात की हुंग राजानं मुलांना सांगितलं, पूर्वजांसाठी सर्वांत उत्तम पदार्थ आणेल त्याला राज्य. बाकीच्यांनी देशोदेशीचं अपूर्व खाणं आणलं. लांग लिएउ हा गरीब राजपुत्र, त्यानं घरच्या तांदळाचेच दोन प्रकार केले: पृथ्वीसारखा चौकोनी एक, आकाशासारखा गोल एक. राज्य त्याला मिळालं.

आता हात कसे चालतात ते सांगतो. झोंगची पानं, कर्दळीच्या पानासारखी रुंद, धुऊन पुसून ठेवलेली. चार पानं एकमेकांवर काटकोनात. मधोमध भिजवून निथळलेला चिकट तांदूळ, त्यावर वाफवलेल्या मुगाच्या डाळीचा गोळा, मिरपूड लावलेलं डुकराचं मांस, परत डाळ, परत तांदूळ. मग पानं दुमडायची, कोपरे दाबून चौकोन करायचा आणि बांबूच्या ओल्या पातळ पट्ट्यांनी बांधायचं. बाक लाकडी साचा न घेता नुसत्या हातानं बांधत होते, आणि त्यांचा प्रत्येक चौकोन विटेसारखा. माझा पहिला एका कोपऱ्यातून फुटला, दुसरा उशीसारखा झाला. घट्ट बांधलं तर शिजताना फुगायला जागा राहत नाही, सैल बांधलं तर पाणी शिरतं. ताण हा विषय मला कळतो, दिवसभर धाग्यांचा ताणच मोजत असतो, पण पानांपुढे माझं काही चाललं नाही.

मी डुक्कर खात नाही. हे कसं सांगावं, याची मला काळजी होती. 'चाय' या एका शब्दानं काम झालं. चाय म्हणजे शाकाहार. बरेच बौद्ध लोक महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, आपल्या एकादशीसारखं. घरातल्या बा ते दिवस पाळायच्या. त्यांच्यासाठी नुसत्या डाळीचे चार बान्ह चुंग होणारच होते, त्यात आणखी चार वाढले. बा या तेतला ९० वर्षांच्या होणार होत्या. म्हणजे जन्म १९३६चा, आपल्या हिशेबानं ८९ सुद्धा पुरी नाहीत. पण इकडे जुन्या रीतीनं बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि वय वाढतं ते सगळ्यांचं एकदम, तेतला. लाल पाकिटाला उत्तरेत 'मुंग तुओइ' म्हणतात ते म्हणूनच, वय वाढल्याचा आनंद. दक्षिणेत त्यालाच 'ली सी'.

बान्ह चुंग दहा-बारा तास उकळतात. अंगणात विटांची चूल, त्यावर पिंपाएवढं पातेलं, आणि रात्रभर कुणी ना कुणी जागं राहून लाकडं सारायची, कढत पाणी वाढवायचं. पहिली पाळी एम आणि मी घेतली. निखाऱ्यात रताळी पुरली होती. रात्री साडेदहाला, म्हणजे भारतातल्या नऊच्या सुमारास, आईचा फोन आला.

आईची पहिली तक्रार तिथीची. तेत २९ जानेवारीला, आणि त्या दिवशी आपल्याकडे पौष अमावास्या. "वर्ष अमावास्येला सुरू करतात?" तिला ते पटेचना. ज्या दिवशी चंद्र-सूर्याची युती होते तो दिवस आपण महिन्याचा शेवट धरतो आणि ते महिन्याचा पहिला, एवढाच फरक, असं मी तिला सांगितलं. अधिक महिना त्यांच्याकडेही असतो हे ऐकून तिला जरा बरं वाटलं. मग मी कौतुकानं सांगितलं की पहिलं पाऊल मी टाकणार आहे. पलीकडे शांतता.

"अरे, तू त्यांना सांगितलंस का?"

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. श्रावणात गेले. मी रजेवर घरीच होतो. दिवसकार्य उरकून परत आलो, रजा वाढवताना ऑफिसला 'घरगुती कारण' एवढंच कळवलं होतं. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही, दिवाळीत आकाशकंदील लागला नाही. वर्षश्राद्धापर्यंत आम्ही सण करत नाही. कुणाच्या शुभकार्यात पुढं पुढं करत नाही. हे मला कुणी शिकवावं लागत नाही, आणि तरी दोन महिने मी खुशाल दुसऱ्याच्या वर्षाचं पहिलं पाऊल व्हायला निघालो होतो.

फोन ठेवला आणि चुलीपुढे एमला सांगितलं. जेवढं व्हिएतनामी येत होतं तेवढ्यात: माझे बाबा, मेले, पाच महिने. एमच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. त्यानं आधी "आन्ह, वाईट वाटलं," म्हटलं. मग बराच वेळ आगीकडे बघत बसला आणि उठून आत गेला.

आत दिवा लागला. बोलणं ऐकू येत होतं, कळत नव्हतं. आई-वडील गेल्याचं दुःख हे त्यांच्यात सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लांब चालणारं. अशा माणसानं तेतला दुसऱ्याच्या घरी पाऊल ठेवणं म्हणजे त्या घरावर वर्षभराचं सावट आणणं. आता मला रात्रीतून कुठल्या तरी लॉजवर जावं लागणार, अशी मी मनाची तयारी केली. सगळं बंद असताना लॉज तरी कुठं मिळणार, हेही होतंच.

थोड्या वेळानं बाक बाहेर आले. पंचक्रोशीत त्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदा आमच्याकडे भारतीय येणार. त्यांचा चेहरा जरा उतरलेला होता, खोटं कशाला सांगू. निकाल मात्र बांनी दिला होता. बांनी एकच प्रश्न विचारला होता: आपणहून सांगितलं की तुम्ही विचारलं? आपणहून, असं कळल्यावर म्हणाल्या, मग तो घरातच राहू दे. वर्ष लागताना जो आत आहे तो 'आला' असं होत नाही, तो होताच. मध्यरात्रीच्या आधीपासून उंबऱ्याच्या आत राहायचं, देवळात जायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पूर्वजांना निरोप देईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या दारात जायचं नाही. एवढी तीन कलमं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनी याहून वेगळा निकाल दिला नसता.

मग बाकनी राखेतून एक रताळं काढलं, दोन तुकडे केले, मोठा मला दिला.

त्या वर्षी बाराव्या महिन्याला तीस दिवस नव्हतेच, एकोणतिसावा दिवसच शेवटचा. त्या दुपारी आंघोळीच्या पाण्याला कोथिंबिरीचा वास! फुलं-बिया धरलेली जून कोथिंबीर मुळासकट उकळून त्या पाण्यानं वर्षाची शेवटची आंघोळ करतात. धणे आणि ओलं गवत असा काहीतरी मिश्र वास. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्यानं जे होतं तेच नाकाला झालं.

रात्री अंगणात पाट मांडला. उकडलेला अख्खा कोंबडा, चोचीत लाल गुलाब. गाकनं रंगवलेला केशरी चिकट भात. गाक हे फळ आपल्या करटोल्याच्या कुळातलं, फक्त आकारानं अंगाखांद्यानं भरलेलं. फळं, सुपारी, तांदूळ, मीठ. बाक सूट घालून उभे. मी दाराच्या आत स्टुलावर, शेजारी खुर्चीत बा.

बाराला दूर नाम दिन्ह शहराच्या दिशेला सरकारी आतषबाजी झाली. गावात फटाक्यांची एकही माळ वाजली नाही. १९९५ पासून फटाक्यांवर बंदी आहे आणि ती लोक पाळतात, हे दिवाळीनंतर आठ दिवस कान धरून बसणाऱ्या माणसाला अद्भुत वाटतं. सगळे देवळात गेले. घरात बा आणि मी.

आमच्यात समाईक शब्द फार तर पन्नास. त्यांनी विचारलं, बाबा काय काम करायचे? 'माग' हा शब्द मला येत होता, तो तर माझा रोजचा. बांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हातातून उजव्या हातात काहीतरी फेकल्यासारखं केलं, परत उजव्यातून डाव्यात, आणि जिभेनं आवाज काढला: खट-ताक, खट-ताक. धोटा! त्या तरुणपणी नाम दिन्हच्या कापड गिरणीत होत्या. शहरावर अमेरिकेचे बॉम्ब पडत होते तेव्हाही. मी दोन बोटांनी तुटलेला धागा उचलून गाठ मारायची खूण केली. त्यांनी माझी गाठ नापसंत केली, माझी बोटं धरून आपली गाठ दाखवली. विणकराचीच गाठ, फक्त अंगठा उलट्या बाजूनं. वर्षाची पहिली पंधरा मिनिटं आम्ही हवेतले धागे जोडत बसलो होतो.

मग दारात पावलं वाजली. माझ्या जागी नेमलेला माणूस आला होता. वय सात. शेजारचा मुलगा, २०१७चा, म्हणजे कोंबडा. त्याला झोपेतून उठवून, लाल आओ झाय, म्हणजे तिथला लांब अंगरखा, घालून, केसांना पाणी लावून आणलं होतं. देवळातून परतलेले घरचे सगळे मागं फाटकाबाहेर थांबले होते, आणि त्यांच्या पुढं बाप कुजबुजत पढवत होता. पोरानं उंबरा ओलांडला, हात बांधले, "चुक मुंग नाम मोइ", म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छा, म्हटलं, पुढचं विसरला, वळून बापाकडे पाहिलं, आणि मग एका दमात बांना शंभर वर्षांचं आयुष्य, सगळ्यांना आरोग्य आणि दुकानाला गिऱ्हाईक मागून मोकळा झाला. घरात दुकान नव्हतं. सगळे हसले, आणि हसू हा तर उत्तम शकुन. बाकनी त्याला दिलेलं पाकीट माझ्यासाठी ठेवलेलं होतं की दुसरं, हे मी विचारलं नाही.

पहिला दिवस मी घरात बसून पाहिला, आणि त्यामुळेच नीट पाहिला. दर अर्ध्या तासाला नवी माणसं. चहा, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया, आल्याचा आणि नारळाचा पाकवलेला मुरांबा. बिया दातांनी फोडून टरफलं टाकायची, गप्पा मारायच्या, पाकिटं द्यायची-घ्यायची, पंधरा मिनिटांत उठायचं. मुलं हात बांधून आधी शुभेच्छा म्हणतात, मग दोन्ही हातांनी पाकीट घेतात. म्हाताऱ्या माणसांनाही पाकीट द्यायचं असतं, हे माझ्या यादीत नव्हतं. बांना मी लाल पाकीट दिलं तेव्हा त्यांनी ते लगेच उशीखाली ठेवलं.

माझ्या शुभेच्छांचा उच्चार ही दिवसभराची करमणूक. 'नाम' सपाट सुरात म्हटलं तर वर्ष, सूर खाली घसरला तर आडवं पडणं. मी सकाळी निम्म्या गावाला नवीन आडवं पडण्याच्या शुभेच्छा दिल्या. 'बा'चंही तसंच, सपाट तर तीन, घसरला तर आजी. दारू पिताना "मोत, हाय, बा, झो!" म्हणतात, एक, दोन, तीन, घ्या! मी आजीला घ्या म्हणत होतो. पेला दोन्ही हातांत धरायचा, मोठ्यांच्या पेल्याला टेकवताना आपली कड खाली ठेवायची. नुसते ओठ लावले तरी चालतं. तरुण मंडळी गाडी चालवायची आहे म्हणून सुटत होती, कारण इथं गाडी चालवणाऱ्याला दारूचा एक थेंबही चालत नाही. मी घराबाहेरच पडणार नव्हतो, माझ्याकडे ती सबब नव्हती.

आणि एक चूक झालीच. दुपारी फरशीवर बियांच्या टरफलांचा खच पडलेला. बाक गाइ सकाळपासून उभ्या होत्या, वाटलं आपण मदत करावी. कोपऱ्यात केरसुणी दिसेना, शोधत शोधत मागच्या पडवीत कपाटामागे सापडली. घेऊन आलो आणि दोन हात मारले असतील नसतील, बाक गाइ स्वयंपाकघरातून धावत आल्या. माझ्या हातातून केरसुणी घेतली आणि झाडलेली टरफलं हातानं परत आत लोटली. पहिल्या दिवसांत केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते. म्हणजे ती केरसुणी लपवलेली होती, असा माझ्या डोक्यात उजेड पडला. लक्ष्मीपूजनाला आम्ही केरसुणीलाच हळदकुंकू वाहतो, दिवेलागणीला केर काढत नाही, हे एमकडून त्यांना सांगवलं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे याला माहीत होतं!"

बान्ह चुंग कापताना सुरी घेत नाहीत. ज्या बांबूच्या पट्ट्यांनी तो बांधलेला असतो त्याच सोलून बारीक करतात, वर आडव्या-उभ्या-तिरक्या मांडतात, त्यावर वडी उपडी करतात आणि एकेक पट्टी ओढतात. आठ तुकडे, दोऱ्यानं कापल्यासारखे स्वच्छ. पानांचा हिरवा रंग भाताला उतरलेला. सोबत खारवलेले छोटे कांदे. मला खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी फार आवडला, तिसऱ्या दिवशी तळून दिला तेव्हाही आवडला, त्यानंतर मी भाकरीची स्वप्नं बघायला लागलो.

तिसऱ्या दिवशी अंगणात कागदी सोनं आणि कागदी नोटा जाळून पूर्वजांना निरोप दिला. राख थंड झाल्यावर बांनी मला हाक मारली, चप्पल घाल म्हणाल्या, आणि नातवाच्या हाताला धरून स्वतः पुढे निघाल्या. तीन घरं पलीकडे, कोंबड्याच्या घरी. उंबऱ्याशी मी थबकलो. बांनी मागं वळून भुवया उंचावल्या, म्हणजे चल.

पाचव्या दिवशी हनोईत परतलो. दोंग दाच्या टेकडीवर त्या दिवशी जत्रा असते. १७८९ साली क्वांग त्रुंग राजानं आपल्या सैन्याचं तेत आधीच उरकून घेतलं आणि चिनी सैन्य सणात दंग असताना त्याच्यावर झडप घातली, त्या विजयाची. गर्दीत उभा असताना मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा तो फिरता मेसेज आठवला, व्हिएतनामनं शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून अमेरिकेला हरवलं हा. मी एमला विचारलं, त्याच्या बाबांनाही विचारलं होतं. कुणी ऐकलेलं नव्हतं. बाक मात्र महाराजांची गोष्ट सांग म्हणाले आणि शाइस्तेखानाच्या बोटांपर्यंत आल्यावर मांडीवर थाप मारून हसले होते. त्यांना सांगायला क्वांग त्रुंग होताच, उसनवारीची गरज नव्हती.

जत्रेतून परतताना मी एमला म्हटलं, पुढच्या तेतपर्यंत बाबांचं वर्षश्राद्ध होऊन जाईल, तेव्हा मी सोंग दातला मोकळा. माझ्या डोक्यात आपलं वर्ष होतं. त्यांचं दुःख त्याहून लांब चालतं, पण तो तेवढ्यावर अडला नाही. त्यानं मोबाइल काढून भलतंच बघितलं आणि मान हलवली. २०२६ घोड्याचं. घोड्याचं आणि बैलाचं जमत नाही. मग कधी? त्यानं बोटं मोजली. कोंबडा, २०२९.

बा तेव्हा ९३व्या वर्षात असतील. त्यांच्या हिशेबानं ९४.